कोन सांभाळा, बाकी चालेल

करी रोड स्टेशनातून बाहेर पडून महादेव पालव मार्गाने भारतमाता सिनेमाच्या दिशेने निघालं, की एकट्या व्हिडिओवाल्याला वर्षभर पुरेल एवढं काम चालत्या वाटेवर भेटतं. लालबागच्या चिवडा गल्लीतल्या कढया, उन्हाळ्यात मसाला कुटणारे डंक, पावसाळ्यात परळ-लालबागच्या गणपती कारखान्यांत दिवसादिवसाने वर चढत जाणाऱ्या मूर्ती, मग आगमन सोहळे. हे टिपणारे बरेच जण एकएकटे असतात. कॅमेरा त्यांचाच, आवाज त्यांचाच, कित्येकदा कॅमेऱ्यासमोर बोलणारा चेहराही त्यांचाच. अशा माणसाला कधी ना कधी प्रश्न पडतो की हात न लावता कॅमेरा सरकला, वळला तर किती बरं होईल. आणि मग दुसरा प्रश्न: हे यंत्र घरी बनवता येईल का?

येतं. सुटे भाग स्वस्त झालेत, प्रोग्राम फुकट मिळतात, शिकवणारे शेकडो व्हिडिओ आहेत. तरीही अशी बरीच यंत्रं पहिल्या महिन्यानंतर माळ्यावर जातात. मोटर कोणती, बोर्ड कोणता, ॲपवरून चालेल का, यावर सगळी हौस खर्च होते, आणि कॅमेरा ज्याच्यावर बसतो त्या सांगाड्याकडे शेवटी उरलेल्या पैशांत बघितलं जातं. क्रम उलटा हवा.

आधी दोन कामं वगळून टाकू. आगमनाची किंवा विसर्जनाची गर्दी हे अशा यंत्राचं क्षेत्र नव्हे. तिथे ट्रायपॉड टेकवायला जागा मिळत नाही आणि मिळाली तरी टेकवू नये. हातातला गिंबल तिथे पुरे. ड्रोनचा विचार मुंबईत परवानगीवाचून करायचाच नसतो, पोलिसांचे मनाई आदेश वरचेवर निघत असतात. दुसरं काम म्हणजे चेहऱ्याचा माग काढणं. आपण बोलत खोलीत फिरायचं आणि कॅमेऱ्याने आपल्याकडे बघत राहायचं, हे डीजेआय, इन्स्टा३६० यांचे मोबाइलचे गिंबल आज इतकं बरं करतात, की रास्पबेरी पाय आणि ओपनसीव्ही घेऊन तेच पुन्हा घडवण्यात शिकण्याचा आनंद आहे, कामाचा फायदा नाही. तरी कुणी बनवलंच तर एक लक्षात ठेवावं. बोलताना माणसाचं डोकं सतत थोडं हलतं. प्रत्येक हालचालीला कॅमेरा वळू लागला तर बघणाऱ्याला गरगरतं. म्हणून चौकटीच्या मध्यभागी बराच मोठा भाग असा ठेवावा, की चेहरा त्यात असेपर्यंत मोटरने गप्प बसायचं.

उरतात ती घरच्या यंत्राची खरी कामं. टेबलावरच्या वस्तूचं किंवा पदार्थाचं संथ सरकतं चित्रण, तासन्‌तास किंवा दिवसेंदिवस चालणारा टाइमलॅप्स, आणि तीच हालचाल हुबेहूब पुन्हा करणं. या तिन्हींसाठी मी एकच कसोटी लावतो. यंत्राची चूक मिलिमीटरची आहे की अंशाची?

हिशेब असा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ३५ मिमीची लेन्स लावली तर आडवा दृष्टिकोन साधारण ५४ अंशांचा असतो. फोर-के चित्राची रुंदी ३८४० पिक्सेल. म्हणजे एका अंशाला सुमारे ७१ पिक्सेल. आता दोन मीटरवरच्या वस्तूसमोर कॅमेरा बाजूला एक दशांश मिलिमीटर चुकीचा सरकला, तर चित्रात पाव पिक्सेलाचाही फरक पडत नाही. पण तोच कॅमेरा एक दशांश अंश कलला तर चित्र सात पिक्सेल उडतं. सरळ रेषेतली चूक कॅमेरा माफ करतो, कोनातली करत नाही. शिवाय हळूहळू कलत गेलं तर डोळ्याला फारसं कळत नाही, थरथरलं की ताबडतोब कळतं. आराखड्यातला जवळजवळ प्रत्येक निर्णय या एका हिशेबावरून घेता येतो.

जमिनीपासूनच सुरुवात करू. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. आसपासच्या खाजगी चाळींत तर पुष्कळदा लाकडी तुळयांवरची जमीन. अशा खोलीत ट्रायपॉड उभा केला आणि शेजारून कुणी बादली घेऊन गेलं, की जमीन किंचित झुकते, ट्रायपॉड तिच्याबरोबर झुकतो आणि वर कॅमेऱ्यापाशी तो कोन होतो. मोटर कितीही महागडी असो, याला इलाज नाही. इलाज एकच, जमीन सोडायची. स्लायडर, म्हणजे कॅमेरा रेलवर सरकवणारं यंत्र, भिंतीतल्या ब्रॅकेटवर घ्यावा, नाहीतर पोटमाळ्याच्या तुळईला खालून टांगावा. टांगण्याचा दुसरा फायदा म्हणजे पदार्थाचं वरून चित्रण करता येतं आणि खोलीतली चालायची जागा मोकळी राहते. बाहेरच्या देशांतले आराखडे मोठं गॅरेज गृहीत धरून काढलेले असतात. आपल्याकडे आराखड्याची पहिली रेघ घरातली माणसं कुठून ये-जा करतात ती असावी.

मग रेल. बाजारात ॲल्युमिनियमचे खाचा असलेले सेक्शन मिळतात, २० बाय २० आणि २० बाय ४० मिलिमीटरचे. छोट्या यंत्रालाही २० बाय ४० घ्यावा आणि उभा लावावा. दोन टोकांना आधार दिलेल्या दांड्याचा मधला झोल लांबीच्या घनाने वाढतो. अर्ध्या मीटरची रेल एक मीटरची केली तर तेवढ्याच वजनाखाली झोल आठपट. चाळीच्या खोलीत ६० सेंटीमीटरच्या वर रेल ठेवायलाही जागा नसते, आणि ही अडचण मला सोयीची वाटते. एकाच ट्रायपॉडवर मधोमध बसवलेला स्लायडर हा तर हमखास कलणारा प्रकार आहे. कॅमेरा टोकाला गेला की वजन तिकडे जातं आणि क्षितिज वाकडं होतं. दोन टोकांना दोन आधार हवेतच.

गाडी, म्हणजे रेलवर धावणारा कॅमेऱ्याखालचा पाट, लोक फार आखूड करतात. चाकांमध्ये एक दशांश मिलिमीटरचा प्ले आहे असं धरू, फिटर लोक ढिलाईला प्लेच म्हणतात. चाकांमधलं अंतर ६० मिमी असेल तर गाडी त्या प्लेमुळे सुमारे एक दशांश अंश डुलते, म्हणजे वरच्या हिशेबाने सात पिक्सेल. तेच अंतर १५० मिमी केलं की तीनाच्या आत. खर्च वाढला तो वीतभर पट्टीचा. लोअर परळला सन मिल कंपाउंडच्या बाजूच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या गाळ्यात ही पट्टी कापून, भोकं पाडून, आटे पाडून घ्यावी. हातड्रिलने घरी पाडलेली भोकं एका रेषेत येत नाहीत आणि मग चाकं एकमेकांशी भांडत राहतात.

चाकं की गोळ्यांची रेल, हा वाद निराळा. एमजीएन १२ जातीची स्टीलची रेल अचूक असते, पण तिच्या गाडीत बारीक गोळ्या असतात आणि त्यांना धूळ चालत नाही. गणपतीच्या कारखान्यात हवेत प्लास्टरची भुकटी तरंगत असते. तिथे खाचेतून धावणारी प्लास्टिकची चाकं बरी, फडक्याने पुसली की झालं. साधे चकचकीत ८ मिमीचे गोल दांडे मात्र टाळावेत. ते वाकतात, आणि मुंबईच्या जुलैमध्ये एक महिना तेल न लावता ठेवले तर त्यांच्यावर गंज धरतो. कोरड्या गावच्या माणसाने लिहिलेल्या सूचनांत हे कधी सापडत नाही.

आता वळण. हा भाग सगळ्यात नाजूक आणि इथेच सगळ्यात जास्त काटकसर होते. नेहमीची स्टेपर मोटर, नेमा १७ मापाची, एका फेऱ्याला २०० पावलं टाकते. तिला वीज देणारं छोटं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, प्रत्येक पावलाचे १६ तुकडे करतं, म्हणजे ३२०० तुकडे. दोन मिलिमीटर अंतराच्या दातांचा जीटी२ पट्टा आणि २० दातांची पुली घेतली तर एका फेऱ्यात गाडी ४० मिमी सरकते, म्हणजे मिलिमीटरला ८० तुकडे. सरकण्यासाठी हे गरजेपेक्षा पुष्कळ जास्त आहे. पण तीच मोटर थेट कॅमेऱ्याखाली लावून वळवायचं ठरवलं, तर एक तुकडा ०.११२५ अंशाचा होतो, चित्रात आठ पिक्सेलांची उडी. संथ वळणात चित्र पायरीपायरीने उतरताना दिसतं. मोटरवर २० दात आणि कॅमेऱ्याच्या अक्षावर १०० दात अशी पट्ट्याची जोडी लावली की उडी दीड पिक्सेलावर येते आणि गुळगुळीत दिसू लागते. लेन्स २०० मिमीची असेल तर तेही पुरत नाही, तिथे पुन्हा आठ पिक्सेलांवर येऊन पोचतो. लांब लेन्सने मोटरवर वळण घ्यायचा हट्ट घरच्या यंत्राने करू नये.

२८बीवायजे-४८ नावाची पिटुकली गिअरची मोटर फार स्वस्त मिळते म्हणून अनेक जण वळणाला तीच लावतात. तिच्या गिअरमधला प्ले दिशा बदलताना चांगला दिसतो. एका दिशेने चालणाऱ्या टाइमलॅप्सला ती चालेल, इतरत्र नको.

सरकणं आणि वळणं एकत्र केलं की खरी मजा येते. कॅमेरा डावीकडून उजवीकडे जातो आणि वस्तू मधोमध राहते, मागची भिंत मात्र फिरते. इथे सोपा वाटणारा प्रोग्राम फसतो. दोन्ही मोटरी सम वेगाने चालवल्या की वस्तू मधून निसटते, कारण कोन अंतराच्या सम प्रमाणात बदलत नाही. मोठी जागा मिळून ८० सेंटीमीटरची धाव आणि दोन मीटरवरची वस्तू असेल तर कॅमेऱ्याला दोन्हीकडे सव्वाअकरा-सव्वाअकरा अंश वळावं लागतं आणि टोकाशी वळण्याचा वेग मधल्यापेक्षा जेमतेम चार टक्क्यांनी कमी असतो. चालून जातं. वस्तू अर्ध्या मीटरवर आणली, म्हणजे वाफाळती कढई किंवा हातातली मूर्ती, की टोकाशी तो वेग ३९ टक्क्यांनी कमी लागतो. मग प्रत्येक क्षणाला कोन त्रिकोणमितीने काढून देण्यावाचून गत्यंतर नाही. दहावीचं टॅन इथे कामी येतं. गणित दोन ओळींचं आहे, पण कित्येक तयार प्रोग्रामांत ते नसतं. दुसऱ्याचा प्रोग्राम उचलण्याआधी एवढं तपासून घ्यावं.

विजेच्या भागाबद्दल थोडक्यात, कारण तो सुटलेला प्रश्न आहे. तो सुटला थ्रीडी प्रिंटरमुळे. इंग्लंडात बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयर यांनी २००५ मध्ये रेपरॅप हा घरी बनवता येणाऱ्या प्रिंटरचा प्रकल्प सुरू केला, त्याच वर्षी इटलीत आर्डुइनो जन्मलं. पुढच्या काळात नेमा १७ मोटर, जीटी२ पट्टा, छोटे ड्रायव्हर हे सगळं प्रिंटरसाठी ढिगाने बनू लागलं. आपला स्लायडर म्हणजे एकच अक्ष उरलेला प्रिंटर. मोटर आणि ईएसपी३२ सारखा बोर्ड प्रत्येकी हजाराच्या आत येतात. ड्रायव्हरमध्ये मात्र कंजुषी करू नये. ए४९८८ मोटरला गुणगुणायला लावतो, टीएमसी२२०९ तिला जवळपास गप्प करतो, आणि जो एकटा बोलत बोलत शूट करतो त्याचा माइक त्याच खोलीत असतो. (खिडकीबाहेरच्या लोकलचं काय करायचं, ते वेगळं.) ड्रायव्हरशेजारी १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा आणि वीज चालू असताना मोटरची वायर काढायची नाही, एवढं पाळलं तर ड्रायव्हर जळत नाहीत. प्रोग्रामात वेग हळूहळू वाढला-उतरला पाहिजे. एकदम सुरू झालेली गाडी गचका देते, आणि तो गचकाही शेवटी कोनच असतो.

ताकदीची चिंता बहुतेकांना विनाकारण असते. ४० न्यूटन-सेंटीमीटरची मोटर २० दातांच्या पुलीवर साठेक न्यूटन ओढ देते. धावताना त्याच्या निम्मीच धरा, तरी दोन किलोची गाडी सरळ उभी चढवायला लागणाऱ्या वीस न्यूटनांहून ती जास्तच आहे.

टाइमलॅप्सचा विषय निघाला की दादासाहेब फाळके आठवणारच. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, रोपाची वाढ एकेक चौकट करून टिपली आणि मिनिटभराची ‘अंकुराची वाढ’ तयार केली. तीच दाखवून त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभं केलं. पुढच्या वर्षी ३ मे रोजी तो चित्रपट गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. मोटर नव्हती, टायमर नव्हता, चौकटीमागून चौकट हाताने. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी आपले शिष्य दामले यांना हाताशी धरून चित्रीकरणाचा कॅमेराच स्वतः घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचं काम त्याच्यावर केलं, १९२० चा ‘सैरंध्री’ तिथलाच. घरगुती यंत्राची आपल्याकडची परंपरा अशी चित्रपटाइतकीच जुनी आहे, आणि ती लेथवर आणि कानशीवर उभी आहे.

फाळक्यांच्या रोपाच्या जागी परळच्या नरे पार्कातली किंवा गल्लीतल्या एखाद्या कारखान्यातली मूर्ती ठेवा. मातीकाम, प्लास्टर, रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी असे वीस दिवस पकडायचे आहेत. दिवसाचे बारा तास, दर दहा मिनिटांना एक चौकट, म्हणजे १४४० चौकटी. सेकंदाला पंचवीसने जवळजवळ ५८ सेकंदांची फिल्म. ६० सेंटीमीटरची रेल एवढ्या चौकटींत वाटली तर प्रत्येक वेळी ३३.३३ तुकडे सरकायचं. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ३३ वर सोडून दिलं, तर शेवटी गाडी सहा मिलिमीटर मागे राहते. म्हणून प्रत्येक चौकटीची जागा सुरुवातीपासून मोजून काढावी, मागच्या जागेत भर घालत जाऊ नये. सरकल्यावर दोन सेकंद थांबावं, हेलकावा विरू द्यावा, मगच शटर. या पद्धतीत मोटरचे बरेचसे दोष झाकले जातात. नवशिक्याने पहिलं काम टाइमलॅप्सचं घ्यावं असं मी म्हणतो ते याचसाठी.

वीस दिवसांत वीज जाणारच. परत आल्यावर यंत्राला आपण कुठे आहोत हे माहीत नसतं, कारण स्टेपर मोटर डोळे मिटून पावलं मोजते. टोकाला एक छोटा लिमिट स्विच हवा, तिथे जाऊन टेकायचं आणि तिथून मोजत परत यायचं. चौकटीचा क्रमांक बोर्डाच्या कायमच्या स्मृतीत लिहिलेला हवा. कॅमेऱ्याला बॅटरीऐवजी अडॅप्टरवर चालणारी नकली बॅटरी लावावी, आणि कारखान्यातल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरू नये म्हणून रात्री कॅमेरा उतरवून कोरड्या डब्यात ठेवायचा असेल तर तो तंतोतंत त्याच जागी बसेल अशी दोन खुंट्यांची बैठक आधीच करून घ्यावी. नुसत्या एका स्क्रूवर कॅमेरा दर सकाळी वेगळ्या कोनात बसतो आणि फिल्ममध्ये वीस दिवसांचे वीस झटके दिसतात. प्रकाशाचं एक सोपं आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा ट्यूबखाली शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की चित्र लुकलुकत नाही.

हुबेहूब पुनरावृत्ती हे तिसरं काम, आणि एकट्याला त्याचं अप्रूप सर्वांत जास्त. सरकत्या कॅमेऱ्यासमोर एकदा डाव्या खुर्चीत बसायचं, तीच हालचाल पुन्हा चालवून उजव्या खुर्चीत बसायचं, आणि दोन्ही चित्रं जोडली की स्वतःशीच गप्पा. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’साठी जॉन डायक्स्ट्रा यांच्या चमूने संगणकाच्या स्मृतीवर चालणारा कॅमेरा बनवला तो यासाठीच, एकच वाट अनेकदा चालून यानांचे थर एकावर एक चढवायला. त्याच्याही आधी जॉन व्हिटनी यांनी युद्धानंतर भंगारात आलेल्या विमानविरोधी तोफांच्या नेमयंत्राचा कॅमेरा हलवायला उपयोग केला होता. आज ड्रॅगनफ्रेम या स्टॉपमोशनच्या सॉफ्टवेअरला जोडणारा डीएफमोको हा फुकटचा प्रोग्राम साध्या आर्डुइनोवर चढतो. पुनरावृत्तीत फसतात ते दोन कारणांनी. फोकस आणि एक्स्पोजर ऑटोवर राहतं, किंवा गाडी एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून सुरुवातीच्या जागी येते. नेहमी एकाच बाजूने यायचं, म्हणजे जो काही प्ले आहे तो दोन्ही वेळा एकाच अंगाला राहतो.

उभी हालचाल हवी असेल तर मात्र थांबून विचार करावा. पट्ट्यावर टांगलेला कॅमेरा वीज गेली की खाली येतो, आणि पदार्थाच्या व्हिडिओत खाली तापलेलं तेल असतं. दोन मिलिमीटर पुढे जाणारा बारीक आट्यांचा स्क्रू वजनाने उलटा फिरत नाही, आठ मिलिमीटर पुढे जाणारा फिरू शकतो. बाजारात दोन्ही शेजारी ठेवलेले असतात आणि दिसायला सारखेच. काहीही असलं तरी कॅमेऱ्याला वेगळी तार बांधून ती तुळईला अडकवावी.

तयार घ्यावं का? एडेलक्रोनसारख्या कंपन्यांचे मोटरवाले स्लायडर देखणे आहेत, महाग आहेत, आणि वर्षातून चार दिवस लागणार असतील तर भाड्याने आणणं शहाणपणाचं. घरी बनवण्याचं समर्थन पैशाने होत नाही, चुका आणि हेलपाटे धरले तर बचत थोडीच उरते. समर्थन जागेने होतं. आपल्याच पोटमाळ्याच्या मापाचं, आपल्याच कारखानदाराच्या दोन मूर्तींमधल्या फटीत बसणारं यंत्र कुठल्याही दुकानात नसतं.

खरेदीला निघायचं तर मोटर आणि बोर्डासाठी लॅमिंग्टन रोड, बेअरिंग-बोल्ट-हत्यारांसाठी मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीट. नागदेवीला आधी जावं. रेल आणि गाडी जुळवून झाली की चाळीच्या लांब गॅलरीत, दुपारी सामसूम असताना, गाडीवर एक लेसर पॉइंटर रेलच्या दिशेनेच घट्ट बांधावा आणि पाच मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडावा. मधे कुणी येत नाही ना, बघावं. मग गाडी बोटाने हळू ढकलत या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावी. रेल सरळ आणि गाडी घट्ट असेल तर ठिपका जागचा हलणार नाही. पाच मीटरवर नऊ मिलिमीटर हलला तर तो एक दशांश अंश झाला. सावकाश सरकला तर रेलचा झोल, मधेच टुणकन उडाला तर चाकांचा प्ले. तो उडायचा थांबेपर्यंत लॅमिंग्टन रोडला जायची गरज नाही.